बांध ओहोटीला बांधतात, रविवारी नाही

शिगम्याच्या पुनवेला आमच्या खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या भातशेताचा, बांध फुटला. अर्धा गाव मांडावर, म्हणजे शिगमा खेळतात त्या जागेवर होता, उरलेला झोपेत, त्यामुळे नेमका किती वाजता फुटला ते कोणालाच सांगता येणार नाही. सकाळी शेजारचे आबा गुरं सोडायला गेले तर शेतात पाणी, आणि पाण्यात मासे उड्या मारतायत. मार्चमधली पुनव म्हणजे तसंही वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला अमावास्या-पुनवेचं पाणी जास्तच चढतं, आणि त्या कोपऱ्यात आमचा बांध गेली काही वर्षं खचतच चाललेला. सगळ्यांना माहीत होतं, येता-जाता सगळे बघत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कोणीतरी कळवलं असणार.

तिथपासून बांध परत उभा राहीपर्यंत मी त्यात होते, कागदापासून चिखलापर्यंत. नंतर आजूबाजूच्या गावांतून बऱ्याच जणांनी विचारलं की आमचाही बांध जातोय, तुम्ही कसं केलं, प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं. मांडवी, झुआरी, शापोरा ह्या नद्यांत समुद्राची भरती आत फार लांबवर येते, आमचं गाव डिचोली तालुक्यात, पणजीपासून बरंच वर, तरी उन्हाळ्यात नदीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं. ह्या नद्यांच्या काठची दलदल आपल्या लोकांनी कधीकाळी मातीचे बांध घालून भरतीपासून तोडली आणि आत भात पिकवलं, ती खाजनं. जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. म्हणजे बाहेर नदी वर, आत शेत खाली, मधे फक्त माती. बांधात एका जागी मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा असतो, तिच्या लाकडी दाराला कोणाला हात लावावा लागत नाही, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना मोटर. पीक एकच, पावसाळ्यातलं सरद, तेही खार सोसणारं भात, आणि पावसानं जमीन धुऊन काढल्याशिवाय पेरता येत नाही. बाकी वर्षभर आतल्या पोंयीत, म्हणजे तळ्यात, मासे, सुंगटं म्हणजे कोळंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे. मानशीवर जाळं लावायचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात जातो, ह्या पावणीबद्दल पुढे बोलायचंय, कारण खरं भांडण तिथंच आहे.

बांध फुटला तर काय बिघडतं, एक वर्ष पीक नाही एवढंच ना, असं मला माझ्याच ऑफिसमधल्या एकीनं विचारलं. तसं नाही गं. खारं पाणी आत राहिलं की त्याबरोबर तिवरांची बियाणी येतात, चिखलात रुजतात, आणि एकदा खारफुटी उभी राहिली की ती तोडायला कायद्यानं मनाई. ते बरोबरच आहे, बांधाच्या बाहेरच्या अंगाला हीच तिवरं लाटा अडवतात म्हणून तर बांध टिकतात. पण शेताच्या मधोमध ती आली की शेत संपलं. नदीच्या कडेनं होडीतून जा, अशी कितीतरी खाजनं दिसतील, आज बघणाऱ्याला वाटतं जंगलच आहे, आणि म्हाताऱ्यांना विचाराल तर ते बोटानं दाखवतात, हा माझ्या आजाचा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, तो त्यांचा. 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे, तिथं बांधकाम-विकास नको, जमीन राखा असं. कागदावर राखलेलं शेत पाण्यात गेलं तर तो कागद काही फावडं घेऊन येत नाही.

मग मीटिंग. देवळाच्या सभामंडपात, सप्ताहाला असते तेवढी गर्दी. पहिला तास कोणाच्या चुकीनं फुटला ह्यात. कोणी म्हणालं बार्जींनी, म्हणजे मालवाहू बोटींनी बांध खाल्ला. त्यात तथ्य आहे, माझ्या लहानपणी खनिजाच्या बार्जी दिवसरात्र जायच्या आणि त्यांच्या लाटा थेट बांधावर आपटायच्या, पण 2012 ला खाणी बंद पडल्यावर त्या लाटाही थांबल्या होत्या, तेव्हाही कोणी एक घमेलं माती टाकली नाही. कोणी म्हणालं कुर्ल्यांनी भोकं पाडली. कोणी म्हणालं मानशीच्या ठेकेदारानं सुंगटांसाठी पाणी जास्त आत घेतलं. शेवटी आबा उठले आणि म्हणाले, "उदक कोणाक रावना. कोण चुकलो तें मागीर पळया." म्हणजे पाणी कोणासाठी थांबत नाही, कोण चुकला ते नंतर बघा. आणि खाली बसले.

आमच्याकडे कुळांची संघटना आहे, टेनंट्स असोसिएशन. 1964 चा कूळ कायदा आला, मग 1976 च्या पाचव्या दुरुस्तीनं कसणारा मालक झाला, हे फार मोठं काम झालं, माझ्या आजोबांना त्यामुळेच स्वतःची जमीन मिळाली. पण त्याआधी बांध बघायचं काम गावकारीकडे, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक जमीन-संस्थेकडे असायचं, म्हणजे कोणीतरी रोज बांधावरून फिरणारा माणूस ठरलेला असायचा. जमिनीबरोबर बांधाची जबाबदारी आली संघटनेकडे, आणि संघटनेत सगळेच मालक, म्हणजे फिरणारा कोणीच नाही. यादी काढली तर तिच्यात निम्मे सभासद वारलेले. माझे आजोबाही त्यात, जाऊन किती वर्षं झाली. त्यांच्या जागी बाबांचं नाव लावलेलं नाही, आईचं तर प्रश्नच नाही, आणि शेतात कमरेत वाकून लावणी आयुष्यभर आईनंच केली. कमिटीची मुदत कधीच संपलेली. त्यामुळे आम्ही लिहिलेलं पहिलं पत्र एका ऑफिसातून तसंच परत आलं, का तर सही करणारा माणूस अधिकृत नाही. त्यावर कोणाची सही लागेल असं विचारलं तर म्हणे कमिटीची. कमिटी कशी होईल तर म्हणे सभासदांची सभा घ्या. सभासद तर वर गेलेत म्हटल्यावर तो बिचारा क्लार्कच हसायला लागला, पण पत्र काही घेतलं नाही.

इथं ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही तीन ठिकाणी एकाच दिवशी अर्ज दिले, पंचायतीला, मामलेदाराला आणि विभागीय कृषी अधिकाऱ्याला, प्रत्येकावर बाकी दोघांना प्रत असं लिहून, आणि प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का मारून घेतला. सोबत सर्व्हे नंबर, कुळांची आजची यादी वारसांसकट, फुटलेल्या जागेचे फोटो भरतीचे वेगळे आणि ओहोटीचे वेगळे. ओहोटीचा फोटो एकटा दिला तर वाटतं की हे काय छोटंसं भगदाड आहे. कृषी खात्याच्या भूसंधारण विभागाकडे बांधांची कामं असतात, तिथून इंजिनिअर येऊन मोजून गेला, माणूस चांगला होता, चिखलात उतरला, पण त्यानंच स्पष्ट सांगितलं की एस्टिमेट, मंजुरी, टेंडर म्हटल्यावर पावसाळ्याआधी काही होत नाही, तुम्ही तात्पुरतं तरी बुजवा, पिचिंगचं, म्हणजे दगडी अस्तराचं, नंतर बघू. जेसीबी न्यावा तर बांधाची वाटच माणसापुरती, आणि मशीन नेण्यासाठी तिवरं तोडायची नाहीत हे आमचं आम्हीच ठरवलं. म्हणजे हातानंच.

म्हणून मग श्रमदान.

आमच्या एका पंचानं उत्साहानं पोस्टर केलं, चला बांध वाचवूया, रविवार, सकाळी 9 वाजता, सोबत टोपी आणि पाण्याची बाटली. पोस्टर फिरलं आणि लोक खरंच आले, कॉलेजची एनएसएसची मुलं, पणजी-म्हापशाहून गाड्या करून काही जण, आमच्याच गावची बाहेर नोकरीला असलेली पोरं. मला तर भरूनच आलं होतं. पण तो रविवार अमावास्येच्या अंगावर. नऊला सगळे जमले तेव्हा पाणी चढायला लागलेलं, अकराला भगदाडातून नदी अशी आत घुसत होती की बाजूच्या बांधाचे लचके तुटून पडताना डोळ्यांनी दिसत होते, बाराला उभं राहायला जागा उरली नाही. एवढे हात आणि करायला काम नाही. मुलांनी मग कोरड्या जागेवर बसून गोणींत माती भरली, फोटो काढले, भाजीपाव खाल्ला आणि परतली. त्या गोणी पुढे उपयोगी पडल्या हे खरं, पण संध्याकाळी पाणी उतरलं, काम करण्यासारखी ओहोटी लागली, तेव्हा बांधावर आम्ही मोजकेच.

त्या रात्री आबांनी मला अंगणात बसवून शिकवलं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा, सहाला भरती, मग बाराच्या आसपास ओहोटी. आमच्या इथं नदीत आत पाणी जरा मागाहून पोचतं म्हणून थोडं पुढे धरायचं. आणि रोज ती वेळ पाऊण तासानं सरकते. अमावास्या-पुनवेला उधाण, त्यात बांधाला हात लावायचा नाही. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा पाणी ना फार चढत ना फार उतरत. मला वाटायचं जास्तीत जास्त उतरतं तेव्हा बांधावं, तर नाही, उधाणाला तळ दिसतो खरा पण दोन्ही वेळा पाण्याला अशी ओढ असते की टाकलेली माती डोळ्यांदेखत वाहून जाते. भांगात गुडघाभर पाणी राहतं, पण ते शांत असतं. मी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक काढून त्यांच्या हिशोबाशी ताडून पाहिलं, थोडाफार फरक. आबा म्हणाले तुझं यंत्र पणजीचं पाणी सांगतं, माझी बोटं इथलं.

तर पुढची हाक आम्ही तिथीवर दिली. आता तिथीचं भांग काही रविवार बघून येत नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार दुपारी अकरा ते दोन, एप्रिलच्या उन्हात, ह्या वेळेला कोण येणार? पणजीचे आले नाहीत, त्यांना नावं ठेवत नाही, नोकऱ्या आहेत. मी स्वतः अर्ध्या रजा टाकल्या. पण जे आले त्यांची मला कल्पनाच नव्हती. खाण बंद झाल्यापासून दारात टिपर उभा असलेला एक दादा, त्यानं डिझेलच्या पैशांत टिपर दिला, बांधाच्या तोंडापर्यंत बांबू, पोफळीची खोडं, चिऱ्यांचे तुकडे त्यानंच आणून टाकले. रात्रपाळी करून आलेली दोन पोरं फॅक्टरीच्या बसमधून उतरून सरळ बांधावर. दुपारी शाळा सुटल्यावर मास्तर. भाड्यानं राहणारं एक कर्नाटकातलं जोडपं, ज्यांचं गावात गुंठाभर शेत नाही. आणि बायका. सुरुवातीला त्या फक्त पेज घेऊन यायच्या, तिसऱ्या दिवशी काकीनं पदर खोचला आणि म्हणाली तुमच्या ओळीत मधे भोक आहे, आणि आत शिरली.

पैशाचंही सांगते, कारण श्रमदान म्हटलं की लोकांना वाटतं सगळं फुकट. बांध बांधणं हे कसब आहे. आमच्या भागात ते येणारे दोघं-तिघंच उरलेत, सगळे साठीच्या पुढचे, आणि ते शेजारच्या वाड्यावरचे, त्यांचं स्वतःचं शेत ह्या खाजनात नाही. त्यांना रोजची मजुरी द्यायची हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं. कोणीतरी कुरकुरलंच, आम्ही फुकट राबायचं आणि ह्यांना पैसे? माझं मत अगदी सरळ आहे, हौसेनं आलेला माणूस उद्या नाही आला तर चालतं, कसबी माणूस नाही आला तर पन्नास हौशी नुसते चिखलात नाचतात, तेव्हा त्याला दाम द्या आणि त्याचं ऐका. वर्गणी एकाच माणसाच्या खात्यावर घेतली आणि रोज संध्याकाळी जमा-खर्चाचा फोटो ग्रुपवर टाकला, चहाच्या साखरेसकट. कटकट होती पण एकदाही पैशावरून भांडण झालं नाही, गावात हा चमत्कारच समजायचा.

आता प्रत्यक्ष काम. रामनवमीच्या भांगात आम्ही नुसती तयारी केली. भगदाड दहा-बारा मीटरचं झालेलं आणि मधे पाण्यानं तळ उकरून डोह केलेला, तो डोह आधी गोणींनी भरला. मग बाहेरच्या आणि आतल्या अंगाला पोफळीच्या खोडांच्या दोन रांगा ठोकल्या, एकजण खोड कवटाळून हलवत राहतो आणि दुसरा वरून मोगरा मारतो, नुसतं ठोकलं तर जात नाही, हलवलं की चिखल सुटतो आणि खोड स्वतःच खाली उतरतं. रांगांना आतून झावळ्यांचे झाप बांधले. दोन झापांच्या मधे माती. माती कुठची तर बांधाच्या पायथ्याची मुळीच नाही, तिथं खणलं की बांध आपल्याच खड्ड्यात बसतो, पोंयीच्या काठाकडून निळसर चिकण काढायची. ती घमेल्यातून नेत नाहीत. फावड्यानं विटेसारखा, पण चांगला उशीएवढा गड्डा कापायचा आणि माणसांच्या ओळीतून हातोहात पुढे द्यायचा.

हा गड्डा झेलणं ही एक विद्या आहे. पहिल्या दिवशी आम्ही सगळे तो हातांनी पकडायला जायचो आणि तो बोटांतून फाटून खाली. काकीनं दाखवलं, हात खाली, गड्डा पोटावर घ्यायचा, पोटावरूनच अर्धं वळायचं आणि पुढच्याच्या पोटाला लावायचा, फेकायचा नाही. फुटला की त्याच्यात हवा-पाणी शिरतं, मग तो बांधात एकजीव होत नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या पोटावर एकाच उंचीवर निळा पट्टा. पाय तर चिखलात असे रुततात की चप्पल, बूट काही राहत नाही, आणि अनवाणी उतरलं तर जुन्या चिऱ्यांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. शेवटी जुने मोजे, त्यावर सुतळी. आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनाला आमचीच रांग, नर्सबाई म्हणाल्या आता सगळे एकदमच या, मग एकदमच गेलो.

पेज मात्र विसरता येणार नाही. दुपारी ओहोटी असल्यामुळे जेवायची वेळ म्हणजे कामाची वेळ, त्यामुळे तीनला भरती लागली की वर यायचं आणि बांधावरच बसून उकड्या तांदळाची पेज, तोराचं म्हणजे कोवळ्या कैरीचं लोणचं आणि सुक्या सुंगटांची किसमूर. चिखलाचे हात नदीत बुचकळून. ऑफिसच्या एसीत मला ह्याची भूक अजून लागते.

भगदाड बंद केलं ते पुढच्या भांगात, चैत्र वद्य अष्टमीच्या आसपास. दोन्ही टोकांकडून काम आत आत येतं आणि शेवटी मधे एक दार राहतं, हातभर रुंद, सगळं पाणी त्याच्यातूनच जायला बघतं. ते आधी बंद करायला जायचं नाही. मानशीची दारं दोरीनं उघडी बांधून आतलं पाणी जेवढं जाईल तेवढं जाऊ द्यायचं, आत आणि बाहेर पाणी एका पातळीला आलं, वाहणं थांबलं, की मग. आबांनी एक सुकं पान त्या फटीत टाकलं. ते बाहेर चाललं होतं. पुन्हा टाकलं, हळू चाललं. आम्ही सगळे गड्डे पोटाशी धरून उभे, वजनानं हात कापतायत, कोणी बोलत नाही, फक्त मास्तर हळूच विचारतात, "झालं का हो?" तिसरं पान जागच्या जागी गोल फिरलं आणि आबा ओरडले "घाला!" त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही, गड्डे, गोणी, पेंढा, परत गड्डे, वरून दोघं पायांनी तुडवतायत, कोणीतरी घसरून आत पडलं त्याला काखेत धरून ओढलं, आणि भरती चढायला लागली तेव्हा माती पाण्याच्या वर टीचभर होती. टीचभरच. मग भरतीबरोबर शर्यत, पाणी बोटभर वर, आम्ही बोटभर वर, असं संध्याकाळपर्यंत. उंची ठरलेल्यापेक्षा हातभर जास्तच ठेवली, ओली माती सुकताना बसते.

लोकांना वाटतं इथं काम झालं. ग्रुपवर तर हारफुलांचे इमोजी पडले, एका पेपरवाल्यानं फोन केला. पण नवा बांध फुटतो तो पहिल्या उधाणाला, आणि अमावास्या आठवड्यावर. म्हणून पहारा. भरती दिवसातून दोनदा, त्यातली एक रात्री, आणि अमावास्येच्या सुमाराला ती पडते बारा-एकच्या पुढे. दोघा-दोघांची जोडी लावली, बॅटरी, फावडं आणि थोडे तयार गड्डे ओल्या गोणपाटात. बघायचं काय तर आतल्या अंगाला झिरप. गढूळ पाणी येत असेल तर माती वाहतेय, धोका, सगळ्यांना फोन. स्वच्छ येत असेल तर कुर्लीचं भोक. भोकात हात घालून बघायचं, आत गार पाण्याची धार बोटांना लागली की ते आरपार आहे, मग बाहेरच्या बाजूनं चिकण ठोकायची, आतून ठोकून उपयोग नाही, पाणी ती ढकलून देतं. कुर्ली हाताला मिळाली तर ती पहारेकऱ्याची, हा नियम पोरांनी केला आणि पहाऱ्याला कधी माणसं कमी पडली नाहीत. एकदा रात्री पाणमांजरांचं कुटुंब बांधावरून पलीकडे गेलं, आमच्याकडे बघून शिट्टीसारखं काहीतरी बोललं, बहुतेक शिव्याच.

ह्या पहाऱ्याला पोस्टर लागत नाही, फोटो निघत नाही, आणि माझ्या मते श्रमदानातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं. भगदाडावर ज्यांनी गड्डे झेलले त्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत, अमावास्येच्या रात्री दीडला कोण होतं ते फक्त वहीत आहे.

आता ठेकेदाराचं. मानशीची पावणी ज्यानं घेतली त्याला मासे हवेत, म्हणजे खारं पाणी आत हवं, आणि शेतकऱ्याला ते बाहेर हवं. पूर्वी ह्याचे महिने ठरलेले असायचे, कापणी झाल्यावर पाणी घ्या, पावसाळ्याच्या आधी सोडा. आता भातापेक्षा पावणीचा पैसा मोठा झालाय, संघटनेची वर्षाची कमाई तीच, मग ठेकेदाराला दुखवायला कमिटी तयार नसते. आमच्याकडेही मे महिन्यात दाराला दगड लावून ते उघडं ठेवलेलं पहारेकऱ्यांना दिसलं, दोनदा. बोलाचाली झाली, हातघाईवर यायची वेळ आली, मास्तर मधे पडले म्हणून थोडक्यात निभावलं. त्या माणसाचंही म्हणणं ऐकलं पाहिजे, त्यानं पैसे भरलेत आणि बांध फुटल्यावर त्याचेही मासे नदीत गेलेत. पण जोपर्यंत पावणीच्या करारात पाणी कधी आत, कधी बाहेर हे तारखेसकट लिहीत नाही तोपर्यंत दरवर्षी हेच.

जूनमध्ये पाऊस लागला. पहिलं पाणी शेतात साठू दिलं, ढेकळं भिजली, मग ओहोटीला मानशीतून सोडलं, परत साठवलं, परत सोडलं. आई रोज जाऊन पाण्यात बोट बुडवून चाखायची आणि थुंकायची. ती म्हणेपर्यंत पेरायचं नव्हतं. बियाणं निम्मं कोरगुट, आमच्याकडचं खार सोसणारं जुनं भात, घराघरांतून शेर-पायली गोळा केलं, आणि निम्मं जुने गोवेंच्या आयसीएआर संस्थेनं काढलेल्या गोवा धान जातीचं, ते कृषी कार्यालयात चौकशी करून मिळवलं. कोरगुट उंच वाढून आडवं पडतं ही तक्रार आहे, पण खाऱ्यात मान टाकत नाही. रुजवलेलं बी फेकलं. भगदाडाच्या तोंडाशी जिथं पाणी जास्त दिवस राहिलं होतं तिथले कुणगे पिवळे पडून गेले, त्या तीन-चार घरांना काहीच मिळालं नाही, त्यांना बाकीच्यांनी पेंढा आणि थोडं भात दिलं. बाकी शेतात पीक आलं, भरघोस नाही, पण कापण्यासारखं. आणि तिवराचं एकही रोप आत उभं राहिलं नाही.

सध्या काय चाललंय तर, यादी. वारसांची नावं लावून नवी कमिटी करायची आहे, आणि बायकांनी अर्ज दिलाय की नुसतं थोरल्या मुलाचं नाव नको, आमचीही लावा, त्यावरून दोन सभा नुसत्या आवाजात गेल्या. पिचिंगची फाइल फिरतेय. पावणीच्या पैशातला ठरावीक हिस्सा बांधावर फिरणाऱ्या माणसाच्या पगाराला ठेवायचा असं बहुमतानं झालं, माणूसही मिळाला, रात्रपाळीवाल्या पोरांतलाच एक. मानशीचं दार मात्र कुजलंय, ते ह्या वर्षी बदलावंच लागणार. सुतार म्हणतो लाकूड महाग झालंय, खजिनदार म्हणतात फायबरचं करूया, कुठंतरी पाहून आलेत, आणि आबा त्या दिवसापासून खजिनदारांशी बोलत नाहीत.